पासोडी आणि उचल

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्यांच्या आणि आकृत्यांच्या साह्याने मांडला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एका वाक्यात येते आणि त्या वाक्यातच संपते. वाङ्मयेतिहासकाराला ओव्यांची गणती करावयाची असते, वेदान्त्याला सिद्धान्ताची शुद्धाशुद्धता पाहावयाची असते, आणि चित्रकलेचा इतिहासकार तर अजिंठ्याच्या लेण्यांतून जो निघतो तो मध्ये कोठेही मुक्काम न करता थेट १८५७ साली निघालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या दारात उतरतो. त्यामुळे त्या कापडाकडे, म्हणजे पासोडीकडे, चित्र म्हणून पाहण्याचे काम कोणाकडेच राहिले नाही. मला मात्र असे वाटते की ज्या बीड जिल्ह्यात शतकानुशतके चित्रविद्येचे रीतसर पीठ नव्हते, त्या जिल्ह्यात रेखाटनाचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याचा आरंभ या पासोडीपासूनच करावा लागेल, आणि तो ज्या विषयाशी येऊन पोहोचेल तो विषय वेदान्ताचा नसून कर्जाचा असेल.

प्रथम पासोडीविषयी. पंचीकरण हा विषय वरवर पाहता गहन, परंतु त्याचा गाभा हिशेबी आहे. पाच सूक्ष्म महाभूतांपासून स्थूल महाभूते होतात ती अशी, की प्रत्येकाचा अर्धा अंश त्याचा स्वतःचा राहतो आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा एकेक अष्टमांश येऊन मिसळतो. मग त्या मिश्रणातून देह होतो, आणि अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम ही पृथ्वीची, अशा रीतीने पाचांच्या पाच-पाच प्रमाणे पंचवीस तत्त्वांची वाटणी देहात लागते. ही वाटणी तोंडाने सांगू लागले की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो, आणि सांगणाराही तिसऱ्या भूतापाशी अडखळतो. तीच घरे पाडून, रेघा ओढून, ज्याचे त्याच्या खाली लिहून दाखविली की शेतसाऱ्याचा उतारा वाचू शकणाऱ्या कोणाही कुळकर्ण्याला ती कळते. दासोपंतांचे घराणे देशपांडेपणाचे होते, आणि जमाबंदीचे कागद त्यांच्या लहानपणी घरात असणारच, हे ध्यानात घेतले म्हणजे या वेदान्त्याला कोष्टकाची व आकृतीची बुद्धी कोठून सुचली याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. हे अर्थात माझे अनुमान आहे. परंतु ४० फूट लांबीचे कापड एकट्याने मांडीवर घेऊन वाचण्यासाठी असू शकत नाही, ते चार माणसांपुढे पसरून बोटाने दाखवीत समजावण्यासाठीच असले पाहिजे, एवढे म्हणण्यास अनुमानाचीही गरज नाही.

परंपरा दासोपंतांना दत्तभक्त आणि प्रचंड ग्रंथकार म्हणून ओळखते. ‘गीतार्णव’ हा त्यांचा एकच ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जातो, आणि त्यांना लिहिण्यासाठी रोज एका ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. चितारी म्हणून मात्र त्यांची गणना कोणी केलेली नाही, आणि ते रास्तच आहे; कारण रंगाचे, छायेचे, प्रमाणबद्धतेचे जे शास्त्र चितारी गुरूपाशी बसून शिकतो त्याचा आणि पासोडीचा संबंध नाही. ज्याला काही समजावून सांगण्याची निकड असते आणि शब्द अपुरे पडतात, तो मनुष्य कोणाची परवानगी न विचारता रेघ ओढू लागतो. स्वयंशिक्षित चित्रकाराची मला सुचणारी व्याख्या एवढीच आहे, आणि तिच्यात दासोपंत बसतात.

आता त्यांच्या चरित्रातील तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला. शके १४७३, म्हणजे इसवी सन १५५१ साली नारायणपेठ येथे त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बरीदशाहीच्या अमलातील वतनदार. दुष्काळ पडला, वसूल थकला, सरकारची रक्कम वेळेवर भरली गेली नाही, तेव्हा बेदरच्या दरबाराने दिगंबरपंतांच्या कोवळ्या मुलालाच ओलीस ठेवून घेतले आणि एका महिन्याच्या मुदतीत बाकी न भरल्यास मुलाला मुसलमान करण्याची धमकी दिली, असे चरित्रकार सांगतात. मुदत संपत आली, पैसा येण्याची चिन्हे दिसेनात, आणि शेवटच्या घटकेस दत्ताजी पाडेवार (पाडेवार म्हणजे गावचा महार) या नावाचा कोणी एक इसम दरबारात हजर झाला, त्याने सारी रक्कम मोजून दिली, रीतसर पावती घेतली आणि तो निघून गेला. पुढे कळले की तो साक्षात दत्तात्रेय होता.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन कथांचे नाते तत्काळ दिसेल. तेथेही दुष्काळ, तेथेही बेदर, तेथेही सरकारचे देणे, आणि तेथेही रक्कम घेऊन येतो तो विठू महार. भाविकांनी यात देवाचे औदार्य पाहिले आणि सुधारकांनी समतेचा संकेत पाहिला. दोघांचेही मला मान्य आहे. परंतु ज्याने जुन्या गावगाड्याचे कागद थोडेफार चाळले आहेत त्याला तिसरी एक साधी गोष्ट दिसते, ती ही, की गावचा वसूल कमरेला बांधून, रानावनातून पायी चालत, परगण्याच्या कचेरीत नेऊन पोहोचविणे हे महाराच्या वतनी कामांपैकीच एक काम होते. देवाने वेष घेतला तो चमत्काराचा नव्हता, दर हंगामात दरबाराच्या पायरीशी उभा राहणाऱ्या माणसाचा होता. पैसा ज्याचा कधीच नव्हता, तोच पैसा वाहून नेणारा. आणि पैशाच्या बदल्यात जो अडकला तो मुलगा. थकबाकीला तारण म्हणून माणसाचा देह ठेवण्याची ही रीत पुढे याच मुलुखात दुसऱ्या रूपाने पुन्हा भेटणार आहे.

सुटका झाल्यावर दासोपंतांनी घर सोडले, माहूरला आणि नंतर गोदावरीकाठच्या राक्षसभुवनी त्यांनी दीर्घ काळ तप केले, आणि अखेर ते अंबाजोगाईस स्थायिक झाले. (हेच राक्षसभुवन १७६३ मध्ये माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या लढाईने प्रसिद्धीस आले, तपोभूमीची रणभूमी होण्यास दोन शतके पुरतात.) शके १५३७ मध्ये दासोपंतांचे देहावसान झाले. पैठणचे एकनाथ हे त्यांचे ज्येष्ठ समकालीन होते, आणि पैठणचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावयाचा: एकोणिसाव्या शतकातील ज्या चित्रकथी चित्रांना पैठणी शैलीची चित्रे म्हणतात, ती बीडच्या शिवेपासून फार दूर नसलेल्या याच गोदावरीकाठच्या नावाने ओळखली जातात. चित्रकथी कागदामागून कागद उचलून समोर धरीत असे आणि रामायण-महाभारतातील आख्यान गात असे. अक्षरशत्रू श्रोत्याला तो चित्राच्या आधाराने कथा चालवून दाखवी. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ही चित्रे पाहताना त्यांतील ठळक बाह्यरेषा आणि बटबटीत डोळे पाहून जाणकार रसिक किंचित हसतो. परंतु ती चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती, कंदिलाच्या नाहीतर पलित्याच्या उजेडात शेवटच्या रांगेतील माणसाला दिसावीत म्हणून होती.

मधला निजामी काळ मी थोडक्यात उरकतो, कारण आपल्या विषयापुरते त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. अठराव्या शतकापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड आसफजाही अमलाखाली राहिले. कचेरीची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू, आणि मुंबईची कलाशाळा परमुलुखात. हैदराबाद सरकारने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून तज्ज्ञ आणविले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये; पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्राला जो आश्रय मिळाला तो आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या हुन्नरी पोराच्या हाताला मिळण्याचा प्रश्न त्या व्यवस्थेत उपस्थितच होत नव्हता. या जिल्ह्यात ज्याने रेघ ओढली त्याने ती आपली आपणच शिकून ओढली. आळंदीच्या वाटेवरच्या दिंडीचा पडदा असो, यात्रेतल्या तमाशाचा फलक असो, की पुढे आंबेडकरी जलशांच्या आणि जयंतीच्या मिरवणुकांत लागणारे भिंतभर चित्र असो.

आता कर्जाविषयी. बालाघाटाच्या डोंगररांगांनी व्यापलेला, पर्जन्यछायेतला, हलक्या जमिनीचा हा बीडचा प्रदेश एका हंगामावर जगू शकत नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, आणि पाटपाण्यावर उभा राहिलेला ऊस तोडण्यासाठी जे हात लागले ते पाणी नसलेल्या मुलुखातून आले. १९७२ च्या दुष्काळाने या जाण्याला पूर आणला. तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील गावेच्या गावे रिकामी होतात. म्हातारी माणसे आणि कुलुपे तेवढी मागे राहतात. आणि लाखो माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर, पुणे येथील, आणि कर्नाटकातीलही फडांकडे निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

या धंद्याचा कणा म्हणजे उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. कारखान्याकडून पैसा मुकादमाकडे येतो, मुकादमाकडून टोळीकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वीच उचल घेतली जाते, ती मुलीच्या लग्नात, आजारपणात, मागील देण्यात संपून जाते, आणि मग सहा महिने ती टनाच्या हिशेबाने फेडावयाची. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. पहाटेच्या अंधारात दिवस सुरू होतो आणि गाडी भरेपर्यंत तो संपत नाही, मग ती गाडी रात्री दोनला आली तरी. एक दिवस कामावर न जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड कोयत्यामागे दिवसाला ५०० रुपयांपर्यंत वसूल केला जाई असे २०१९ च्या वृत्तान्तांत आले. हंगाम संपला आणि टन कमी भरले, तर फिरलेली, म्हणजे न फिटलेली, रक्कम पुढच्या सालाच्या खात्यावर जाते. म्हणजे त्या जोडप्याने पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या गाडीत चढणे हे आताच ठरून गेले. बेदरच्या दरबाराने देणेकऱ्याचा मुलगा ठेवून घेतला होता. येथे देणेकरी स्वतःच तारण आहे. त्याची सुटका करण्यास कोणी पाडेवार येत नाही.

या व्यवहाराचे कागद मुकादमाच्या वहीत असतात आणि कारखान्याच्या काट्यावर असतात. बाईचा देह त्यांपैकी कोणत्याही कागदावर नसतो. कोयता ही एकच नोंद, तिच्यावर नाव नवऱ्याचे. म्हणून २०१९ साली जेव्हा बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी वृत्तपत्रांतून देशभर गेली, आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, तेव्हा त्या देहांची सरकारी मोजणी झाली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. याच्या आधी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली, हा राज्यातील नीचांक नोंदला गेला होता. संख्या बोलकी असते असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो मान्य नाही. संख्या मुकी असते. खाड्याच्या भीतीने, फडावर पाणी आणि आडोसा नसल्यामुळे, पाळीच्या व्यथेवर डॉक्टरने सांगितलेला एकच उपाय खरा मानून, उचलीतलेच पैसे भरून एखादी तीस-बत्तीस वर्षांची बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर कशी जाते, ही साखळी १३,८६१ या आकड्यात कोठेही दिसत नाही.

येथे चित्राचे काम सुरू होते, आणि त्याचे उत्तम उदाहरण शोधण्यास बीडच्या बाहेर, पण महाराष्ट्रात, जावे लागते. १९१५ साली बंगालात जन्मलेले चित्तप्रसाद भट्टाचार्य यांना कलाशाळेचे शिक्षण मिळाले नाही. ते आपल्याच डोळ्यांनी शिकले. १९४३ च्या दुष्काळात त्यांनी मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडून भुकेने मेलेल्या व मरणाऱ्या माणसांची काळ्या शाईत रेखाटने केली, खाली गावाचे नाव व माणसाची हकिगत लिहिली, आणि त्याचे ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक निघाले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. दुष्काळाचा सरकारी अहवाल मात्र छापून निघाला. यावरून अंमलदारांना आकड्यांपेक्षा चित्रांची धास्ती किती अधिक होती हे कळते. १९४६ पासून चित्तप्रसादांनी आयुष्याचा फार मोठा भाग मुंबईत, अंधेरीस, हलाखीत काढला, आणि तेथेच राबणाऱ्या मुलांची लिनोवरील खोदचित्रांची मालिका केली. मुंबईच्या कलाजगताने त्यांची दखल त्या मानाने फार कमी घेतली, आणि मराठी वाचकाला आजही त्यांचे नाव सांगावे लागते, ही आपल्या रसिकतेची नोंद आहे.

चित्तप्रसादांचीच वाट, जाणून वा न जाणून, आज पुन्हा एक बंगाली स्त्री चालते आहे. लबानी जंगी या पश्चिम बंगालच्या नादिया जिल्ह्यातील स्वयंशिक्षित चित्रकार. मजुरांच्या स्थलांतरावर त्यांनी कोलकात्यात संशोधन आरंभिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली उभ्या केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहाच्या त्या २०२० च्या अभ्यासवृत्तिधारक, आणि ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याविषयी त्या संग्रहात येणाऱ्या वृत्तान्तांसाठी त्या चित्रे काढीत आल्या आहेत. याच संग्रहात बीडच्या ऊसतोडीचे वृत्तान्त आहेत, ते मराठीतही वाचावयास मिळतात. साईनाथांचे दुष्काळावरील पुस्तक ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने मराठीत आले, ते वाचलेल्यांना या संग्रहाची दृष्टी नवी वाटणार नाही. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीनेच हातात कुंचला घ्यावा, हा योग चांगला; प्रबंधात जे तळटिपेत ढकलावे लागते ते चित्रात मध्यभागी ठेवता येते.

अशा चित्रांना एक धोका असतो आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. दुःखाला रंग चढला की ते पाहण्यास सुखद होते. शहरातल्या दिवाणखान्यात ऊसतोडणीच्या बाईची मोळी कलात्मक दिसू लागते, आणि पाहणाऱ्याला करुणेचे समाधान मिळून तो तेवढ्यावर थांबतो. चित्तप्रसाद या धोक्यातून काळ्या शाईच्या कठोरपणामुळे आणि चित्राखाली लिहिलेल्या हकिगतीमुळे सुटले. चित्रकथी सुटत असे, कारण चित्र गाण्यापासून वेगळे विकावयाचे नसे. दासोपंतांच्या पासोडीवर तर ओवी आणि आकृती एकाच कापडावर आहेत. वृत्तान्ताबरोबर छापलेल्या आजच्या चित्रालाही मजकुराचा हाच लगाम आहे, आणि तो सैल झाला की चित्र भिंतीकडे धावू लागते.

छायाचित्र हाताशी असताना रेखाटनाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. गरज आहे, आणि ती अगदी व्यवहारी आहे. ज्या बाईने आपल्या शस्त्रक्रियेची, नवऱ्याच्या मारहाणीची किंवा चौदाव्या वर्षी झालेल्या लग्नाची हकिगत वार्ताहराला सांगितली, तिला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या टोळीत जावयाचे असते, त्याच वस्तीत नांदावयाचे असते. तिचे छायाचित्र छापले की मुकादम तिला ओळखतो, सासर ओळखते. म्हणून वृत्तान्तात तिचे नाव बदलले जाते आणि छायाचित्राच्या जागी चित्र येते. चेहरा कोणाचाच नसतो, पण वाकलेली पाठ, कमरेला खोचलेला पदर, प्लॅस्टिकने शाकारलेली कोपी, फळीवर टेकलेले पाऊल हे सारे फडावरच्या प्रत्येकीचे असते. न्यायालयात साक्षीदाराला संरक्षण द्यावे लागते, आणि मुकादमाच्या वहीत उचल फिरलेली असेपर्यंत या साक्षीदारांना दुसरे संरक्षण मिळण्याची चिन्हे नाहीत.